चांदीचा उंदीर आणि आमचे बाबा

नाहूर, मुंबई,
नारळी पौर्णिमेचा दुसरा दिवस

प्रिय निलेशदादा यास श्रुतिकाचा नमस्कार,

काकूंचा गुडघा, काकांचा खोकला आणि तुमच्याकडचं इंटरनेट, तिघांच्याही प्रकृती बऱ्या असतील अशी आशा करते. आमच्याकडे आई ठीक, मीही ठीक. बाबांबद्दल सविस्तर लिहिते, कारण त्यांच्या आजच्या अवस्थेला तू जबाबदार आहेस. (हा आरोप मी पुराव्याशिवाय करत नाही.) मेसेज सोडून पत्र का, असं विचारशील. तर माझा फोन या घरात सार्वजनिक मालमत्ता आहे, आणि फॅमिली ग्रुपवर बाबा सगळ्यांच्या आधी हजर असतात.

तुझा ‘चांदीचा उंदीर’ गेम आम्ही घरी सगळ्यांनी मिळून खेळलो. आधी मनापासून अभिनंदन. कुडाळच्या खोलीत बसून एकट्याने एवढं करायचं म्हणजे गंमत नाही. तुझी माणसं ठोकळ्यांची आहेत, चालताना त्यांचे गुडघे वाकत नाहीत (काकूंवरून घेतलंस का?), पण गोष्ट झकास. गणपतीपुढचा चांदीचा उंदीर नाहीसा होतो आणि संशय चौघांवर: भटजी श्यामकांत, फुलं आणणारी शेवंती, पेटी वाजवणारे बाळाबुवा आणि मुंबईहून आलेला धाकू. आपण प्रश्न विचारायचे, खाणाखुणा शोधायच्या आणि शेवटी चोराकडे बोट दाखवायचं. मी घरातली पहिली पदवीधर आणि पुढे वकिलीला जाणार, म्हणून फोन माझ्या हातात होता. पुरावा मिळेपर्यंत सगळे निर्दोष, हे मी सुरुवातीलाच जाहीर केलं.

पहिली अडचण आईने काढली. शेवंती डोक्यावर फुलांनी भरलेला हारा घेऊन दारात उभी राहिली आणि मी विचारलं, काल संध्याकाळी कुठे होतीस? आई माझ्या अंगावर आली. “अगं, आधी तिला बस म्हण, पाणी विचार!” असं बटणच नाही म्हटल्यावर आईचा तुझ्या संस्कारांवरचा विश्वास उडाला. (तेवढं बटण टाक. विचार केला तर तिचं बरोबर आहे. पाणी प्यायल्यावर माणूस जास्त बोलतो.)

मग आला धाकू. चौकड्यांचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, काखेत लांब छत्री, आणि उत्तर द्यायच्या आधी खिशातून आलेपाकाची वडी काढून तोंडात. आई आणि मी बाबांकडे वळलो. बाबांच्या तोंडात त्या क्षणी वडीच होती.

“हा मी,” बाबा म्हणाले.

“तुम्ही कसे असाल? तो बारीक आहे,” आई म्हणाली.

त्या दिवसापासून बाबा बदलले, दादा. मी निरीक्षण ठेवलं. अंधेरीच्या स्टुडिओत लाईटमनचं काम करणारा हा माणूस, रविवारी दाढी करत नाही, त्याने मधल्या वारी जाऊन केस कापले आणि काळे केले. (वेशांतर.) बाथरूममध्ये नळ सोडून स्वतःशी बोलू लागले. (जबाबाची तयारी.) त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या विशालला फोनवर हळू आवाजात सांगताना मी स्वतः ऐकलं, “माझ्यावर संशय आहे रे.” आणि सगळ्यात वाईट म्हणजे चतुर्थीला गावी यायचं एसटीचं रिझर्वेशन त्यांनी अडवून ठेवलं. निकाल लागू दे, मग बघू, म्हणतात. चोर म्हणून गावात कुठल्या तोंडाने जायचं, हाच त्यांचा प्रश्न असणार. गणपतीला बाबा आले नाहीत असं आजवर एकदाही झालेलं नाही, हे तुला माहीत आहे.

म्हणून दोघं घरी नसताना मी एकटीने गेम पुरा केला. देवघरापाशी ओल्या छत्रीचा डाग, पाटाखाली वडीचा कागद. बोट दाखवलं. धाकू समईच्या उजेडात आला आणि म्हणाला, सगळे गणपतीकडे बघतात, उंदराकडे कोण बघतो? म्हणून त्याला जरा मुंबई दाखवावी म्हटलं.

मला हसू आलं आणि मग रडू आलं. सत्य बाहेर आलंच पाहिजे असं मी कॉलेजच्या वक्तृत्वात सांगून बक्षीस घेतलंय. पण संध्याकाळी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून समोर बसले (घरात!) आणि पुढे काय होतं म्हणाले, तेव्हा मी सांगितलं, चोर भटजी निघाले. आणि फोनमध्ये जागा नव्हती म्हणून गेम काढून टाकला.

मला वाटलं, सुटतील. पण बाबांचा चेहराच उतरला. “भटजी? त्याला कसलं जमतंय?” एवढंच बोलले आणि अर्ध्या भाकरीवर उठले. आईने बांगड्याचं तिखलं केलं होतं (श्रावण आमच्याकडे कोणी पाळत नाही), तरीही. त्यामागचं कारण मात्र मला अजून सापडलेलं नाही. बहुतेक माझं खोटं पकडलं गेलंय.

काकाकाकूंना नमस्कार सांग. पत्र कोरड्या जागी ठेव.

तुझी,
श्रुतिका

ता. क. : खरं काम हे. गणपतीच्या आत चोर बदल. मला चोर कर, मुंबईची पदवीधर पुतणी, चष्मा आणि फार प्रश्न. माझी हरकत नाही. ते जमत नसेल तर निदान धाकूची छत्री तरी काढून टाक.

ता. क. २ : पत्र बाबांकडेच देते आहे, त्यांच्या वाटेवर पोस्ट आहे. पाकीट दोनदा चिकटवलंय.

निल्या, ह्यां तुझो मुंबयचो काका लिवतंय. पाकीट मी फोडलं. पोरगी हुशार आहे, पण वकिलीत तिचं कठीण आहे. अरे, आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडावर लाईट मारली, माझ्यावर पहिल्यांदा तू मारलीस. आमच्या लायनीत खरं काम व्हिलनलाच असतं. विशालला सांगून बसलो होतो आणि हिने भटजीला पुढे केला! ते उंदराचं वाक्य मला आता पाठ आहे. चोर मीच रवांदे. रिझर्वेशन आज करतो. आरतीनंतर मोठ्या टीव्हीवर लाव, सगळ्या वाडीला बोलाव. छत्री काढू नको. माझ्या छत्रीच्या मुठीला लाल नाडी बांधलेली आहे, ती तेवढी दाखव, म्हणजे गावात कुणाला शंका नको.