तळघरात टांगलेली रजई

आर्लीन,

तळघराच्या पायऱ्या जपून उतर, थोडा रंग तिथेही उडालाय. तुझ्या आईच्या रजईला मी हातही लावला नाही, असं लिहायला मला फार आवडलं असतं. पण शनिवारी पेंटबॉलचा सामना आहे, म्हणून बंदुकीतून रंगाच्या गोळ्या झाडायच्या सरावासाठी घरातच लक्ष्य उभं केलंय: लाकडी चौकट, मधोमध तुझं केक भाजायचं गोल भांडं आणि मागे रजई. गंमत म्हणजे सैल टांगलेल्या रजईवर रंगाची गोळी फुटतच नाही, अलगद खाली पडते. भांड्यावर बसली तर मात्र टण्ण वाजायला हवं.

सकाळभर काहीच वाजलं नाही. मला वाटलं, कान गेले. जवळ जाऊन चाचपलं, तर भांडं कोरडं आणि रजईखाली गोळ्यांचा ढीग. कान शाबूत आहेत.

परवा तू म्हणालीस, "वेंडेल, डोळे दाखवून ये. काल तू शेजाऱ्यांच्या टपालपेटीला हात हलवून हवापाणी विचारलंस." मी म्हणालो, शेजारधर्म आहे.

आमच्या खेळात रंग लागला की पंचाची वाट बघायची नसते. आपणच हात वर करून बाहेर पडायचं. तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे निघालोय. नुसत्या चष्म्यावर भागतं का, याची मलाच उत्सुकता आहे. भागलं तर शनिवारी खेळेन, नाहीतर बाकावर बसून ओरडेन.

गाडीची किल्ली खुंटीवर आहे. चालत जातोय.

वेंडेल