चष्म्यातलं गुऱ्हाळ

अण्णा, तुमचा मुलगा आता विश्रामबागेतल्या एका ऑफिसात व्हीआरचं काम करतो. म्हणजे डोळ्यांवर जाडजूड चष्मा चढवला की माणूस बसल्या खुर्चीत दुसरीकडेच जाऊन उभा राहतो; मान वळवावी तिकडे ते जग दिसतं. तुम्ही म्हणाला असता, "दुसरी कामं न्हाईत व्हय रं तुला?" खरं सांगायचं तर हे मी तुमच्यासाठीच शिकलो. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि अलीकडे तुमचा चेहरा नीट आठवेना, याची मला फार भीती वाटायला लागली. म्हणून वर्षभर खपून कडेगावचं आपलं गुऱ्हाळ उभं केलं. पेटलेलं चुलवाण, त्यावर काहिलीत उकळणारा उसाचा रस, आणि काठाशी गूळ करणारे तुम्ही, ओल्या हाताने पाक उचलून गार पाण्यात त्याची गोळी होते का ते बघताय. चेहरा कुणाच्या तरी लग्नातल्या फोटोवरून घेतला. त्यात तुम्ही ओढून आणल्यासारखे उभे आहात.

गोष्ट एकाच दिवसाची केली. तुम्हाला ताप होता, काहील माझ्या भरवशावर सोडून तुम्ही बाजेवर पडला होता. मी मोबाइलमध्ये डोकं घालून बसलो आणि पाक पुढे गेला. गूळ काळाठिक्कर. सगळ्या गड्यांसमोर तुम्ही म्हणालात, "तुज्यानं हे हुयाचं न्हाई." मी धुसफुसतच कराडला शिकायला गेलो आणि दोन महिन्यांत तुम्ही गेलात. तर माझ्या गोष्टीत, अण्णा, मी थोडी लबाडी केली. चष्म्यातला गूळ पिवळाधमक उतरतो आणि तुम्ही माझ्याकडे वळून म्हणता, "जमलं रं." आवाज माझाच, जरा घोगरा काढलेला.

परवा आईला ऑफिसात आणलं. चष्मा चढवल्याबरोबर तिने पदर सावरला आणि "आवं" म्हणून हाक मारली. मग तुम्ही "जमलं रं" म्हणालात, आणि तिने चष्मा काढून माझ्या हातात दिला.

"हे त्यांचं न्हाई. जमलं म्हणायला त्यांची जीभ कवा उचलली? त्यांचं समदं हातानं. गूळ झाला की पयला तुकडा तुज्या तोंडात. त्या दिशीबी, काळा का असंना, घिऊन आलं व्हतं की तुज्याकडं. खाल्लास न्हवं?"

मी हो म्हणालो.

हे पत्र कुठे जायचं नाही म्हणून सांगतो. मी खाल्ला नव्हता. तुम्ही तापाने फणफणत तुकडा पुढे धरून उभे होता आणि मी तोंड फिरवलं. हे मी गोष्टीतून गाळलं होतं, आणि त्याआधी बहुतेक आठवणीतूनही. आता ते "जमलं रं" पुसून टाकलंय. तुम्ही काही बोलत नाही, फक्त हात पुढे करता. चष्म्यातून चव येत नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी दुपारी सगळे डबा खायला गेले की मी चष्मा लावून बसतो आणि तोंड उघडतो.