पर्णचापाचं विलायती पेटंट

तंजावूर, ३ जुलै १९५८

तीर्थस्वरूप शेषाद्रीअण्णा यांस धाकटा भाऊ कल्याणराम याचा साष्टांग नमस्कार. कावेरीला पाणी आलं, आम्ही सगळे खुशाल आहोत. लंडनात तुमचा गुडघा काय म्हणतो?

अण्णा, मी शाळेत मुलांना विज्ञान शिकवतो आणि घरी काहीबाही जुळवत बसतो, हे तुम्हांला ठाऊकच आहे. यंदा मात्र खरोखरीच शोध लागला. हल्ली लग्नात जमिनीवरची पंगत जाऊन लांबलचक टेबलं आलीत, आणि त्यांच्यावर विजेचे पंखे. पंखा फिरला की केळीचं पान उठतं (आणि रसम वाट फुटेल तिकडे जातं). म्हणून मी पितळी चाप केला, पान टेबलाच्या कडेला घट्ट धरणारा. नाव ठेवलं पर्णचाप. मग मद्रासला रामस्वामी नावाच्या पेटंटवाल्या वकिलांकडे जाऊन साऱ्या जगाचं पेटंट मागितलं. ते म्हणाले, "जगाचं पेटंट कुठंच मिळत नाही, मास्तर. ज्या त्या देशाचं वेगळं." आधी कलकत्त्याच्या कचेरीत अर्ज करायचा, मग वर्षाच्या आत इंग्लंडात केला, तर आपली पहिली तारीख तिथंही धरतात. जर्मनीला जायचं तर सगळं जर्मन भाषेत. (जर्मन लोक कशावर जेवतात, असंही त्यांनी विचारलं. मी विषय बदलला.) वर ताकीद दिली की अर्ज दाखल होईपर्यंत चाप चारचौघांत वापरायचा नाही.

अर्जाच्या आकृत्या काढत होतो, तेवढ्यात पापनाशमला आपल्या राजलक्ष्मीअक्काच्या लेकीचं, अंबुजाचं लग्न आलं. वरपक्ष मद्रासचा, म्हणून टेबलं. पहिल्याच पंगतीला पंखा जोरात लागला आणि व्याह्यांचं पान भातासकट त्यांच्या जरीकाठी धोतरावर! ते ताडकन उठले, "आम्ही हॉटेलात जेवू" म्हणाले. पंखा बंद करावा तर वऱ्हाड घामानं भिजलेलं. अक्का खांबाला धरून रडायला लागली. माझ्या पिशवीत दोन डझन चाप होते (घरी ठेवले तर शेजारी पाहतील, म्हणून बरोबर घेतलेले). आमच्या सौ. कनकलतेनं पिशवी माझ्यापुढं सरकवली. मी पिशवी उघडली आणि स्वतः एकेक पान चापात बसवत गेलो. व्याही बसले, जेवले, पायसम दोनदा मागून घेतलं. अक्कानं माझ्या पाठीवर हात ठेवला तेव्हा मला पेटंटाचं काहीसुद्धा वाटलं नाही. (वाटलं ते परतीच्या गाडीत.)

रामस्वामींना हे सांगितलं, तर ते पोट धरून हसले. भर पंगतीत वापरला, म्हणजे हिंदुस्थानचं दार बंद. पण इंग्लंडवाले वस्तू त्यांच्या देशात नवी आहे का, एवढंच पाहतात म्हणे. म्हणजे बघा, जिथं लोक पानावर जेवतात तिथं पेटंट मिळायचं नाही, आणि जिथं मिळेल तिथं केळ उगवायची नाही! तरी मी नाउमेद नाही. तेच विलायती पेटंट पुढं सिंगापूर-मलायात नोंदवता येतं, आणि तिथं आपली माणसं पानावरच जेवतात. इंग्लंडचा अर्ज तयार होतोय.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
कल्याणराम

ता. क. – अर्जाला इंग्लंडमधला एक पत्ता लागतो. तुमचा घालू का? (घातला आहे.)

ता. क. दुसरा – पत्र बंद करताना कळलं की कनकलतेनं वहिनींना तळणीच्या वडामांच्या पार्सलातून सहा चाप मागच्या महिन्यातच धाडलेत. बागेत जेवायला बसलात की टेबलावरचं कापड वाऱ्यानं उडतं, असं वहिनींनी लिहिलं होतं म्हणे, म्हणून. (कापडाला कुणी चाप लावतं का!) अण्णा, हात जोडून सांगतो, पार्सल आलं असेल तर उघडू नका. उघडलं असेल तर शेजाऱ्यांना दाखवू नका. दाखवलेच असतील, तर त्यांना आवडले का, तेवढं कळवा.