गांडुळांची डॉक्टरीण

ओब्दुलिया आत्या,

आधी आशीर्वाद दे आणि मगच पुढे वाच. वाचून झाल्यावर देशील की नाही याचा भरवसा नाही.

ग्वादालुपेच्या माउलीच्या कृपेनं आम्ही इकडे सीमेच्या उत्तरेला, फ्रेस्नोला सगळे ठीक आहोत. आईची पाठ तशीच आहे आणि बाबांचं बोलणंही तसंच (म्हणजे ताट समोर आलं की ‘हं’ आणि रिकामं झालं की ‘हं’). तुझे गुडघे कसे आहेत? गाढवीण व्याली का? पाद्रीबाबांनी तुला प्रार्थनेत जरा हळू गा म्हणून सांगितलं होतं, ते तू ऐकलंस, की त्यांनीच दुसरं गाव बघितलं? हे सगळं फोनवर विचारलं असतं, पण तू फोन स्पीकरवर ठेवतेस, मग अर्धी गल्ली आपल्या गप्पांत उत्तरं देते. आता जे सांगायचंय ते गल्लीसाठी नाही.

पहिली गोष्ट म्हणजे, मी डॉक्टर होणार असं तू गावभर सांगून ठेवलंयस. त्यामुळे हल्ली माझ्या फोनवर लोकांच्या मुळव्याधीचे फोटो येतात. आत्या, मी गांडुळांची डॉक्टर होणार आहे. म्हणजे गांडुळांना ताप आला तर औषध देणारी नव्हे. ती माती कशी खातात, कशी भुसभुशीत करतात, कुठली कुठे टिकतात, हे शोधणारी. आईला हे समजावताना माझी दमछाक झाली. शेवटी ती एवढंच म्हणाली, की गांडुळंच बघायची होती तर आपण सीमेवरचं एवढं वाळवंट कशाला तुडवलं, घरामागे काय कमी होती? पण विद्यापीठानं मला घेतलं, हे खरं. पत्रात ‘हार्दिक अभिनंदन’ लिहिलं होतं आणि खाली असंही, की फीची काळजी नसावी, तुम्ही लहान वर्गांना शिकवाल, त्याच्या पगारात तुमचं सगळं भागेल. आईनं ते पत्र माउलीच्या तसबिरीमागे ठेवलं आणि बाबांनी चक्क दोनदा ‘हं’ केलं.

मग मी पगाराच्या कचेरीत गेले. तिथली ब्रेंडाबाई मनानं चांगली आहे, टेबलावर गोळ्यांची बरणी ठेवते. तिनं माझा नोकरीचा नंबर विचारला, सरकार देतं तो. मी म्हटलं, नंबर नाही. तिला वाटलं घरी विसरला. मी म्हटलं, तसा विसरलेला नाही, मुळातच नाही. (माझ्या आधीच्या बिनकागदी पोरांना काम करायची परवानगी मिळाली होती, माझं वय बसेपर्यंत सरकारनं दार लावून घेतलं. कार्यक्रमाला उशिरा जायची आपल्या घराण्याची सवय मला इथेच नडली.) ब्रेंडाबाईनं एक गोळी मला दिली, एक स्वतः खाल्ली आणि म्हणाली की नंबर नाही तर नोकरी नाही, नोकरी नाही तर पगार नाही. आणि पगार नाही तर फी मात्र आहे.

आता माझे सर, लिंडक्विस्ट म्हणून आहेत. उंच, वाकलेले, कोटाच्या खिशात नेहमी माती. गांडुळांवर त्यांचा जीव आहे आणि कचेरीवर तितकाच राग. ते म्हणाले, पगार देता येत नाही ना? मग मानधन देऊ. पगार म्हटला की गुन्हा होतो, मानधन म्हटलं की सत्कार. झालं! दर मंगळवारी मी शिकवायला उभी राहिले की सर वर्गाला माझी ओळख करून द्यायचे, की आज आपल्यात लांबून आलेल्या थोर पाहुण्या आहेत (मी बसथांब्यावरून आलेली असायची), आणि पोरं टाळ्या वाजवायची. एकदा तर सरांनी गुच्छही आणला. एका पोरानं, आपण एरवी कुठल्या देशात असता, असं अदबीनं विचारलं. पण पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राहील त्याची अक्कल जाई, हे ब्रेंडाबाईलाही माहीत होतं. तिनं सरांना कळवलं, की जी दर आठवड्याला येते तिला पाहुणी म्हणत नाहीत.

त्याच वेळी मला एक मोठं गुपित कळलं. या देशात नोकर व्हायला कागद लागतात, मालक व्हायला लागत नाहीत. मला कुणी झाडू मारायला ठेवलं तर तो कायद्यात अडकतो. पण मी झाडूची कंपनी काढली तर सगळे मला ‘मॅडम’ म्हणतात आणि माझ्याकडून कर आनंदानं घेतात. म्हणून मी कंपनी काढली. आमच्या मालात मक्याच्या पानांत वाफवलेल्या आईच्या कोरुंदा, हिरवी चटणी आणि वाढपी म्हणून मालकीणबाई स्वतः. मक्याची पानं बाबा पुसून देतात. ऑर्डरी येऊ लागल्या. बारशाच्या, लग्नाच्या, पोरींच्या पंधराव्या वाढदिवसाच्या. सकाळी गांडुळं, दुपारी कोरुंदा. (मधे हात धुते. आई रोज विचारते, तू पण विचारणार, म्हणून आधीच लिहिलं.)

आणि मग ते जेवण आलं. विद्यापीठाला पैसे देणाऱ्या बड्या लोकांची मेजवानी होती. जेवणाच्या कचेरीनं कोरुंदांची ऑर्डर माझ्या कंपनीला दिली. आणि मी फीसाठी शिष्यवृत्तीचा अर्ज केला होता, म्हणून शिष्यवृत्तीच्या कचेरीनं मुख्य टेबलावर बसायचं आमंत्रण मला दिलं. दोन्ही कचेऱ्या एकाच जिन्यावर आहेत, पण त्यांचं बोलणं बहुधा आपल्या गावातल्या दोन न्हाव्यांइतकंच असावं. ऑर्डर सोडवेना आणि आमंत्रणही सोडवेना. म्हणून आईला मागच्या स्वयंपाकघरात उभं केलं आणि मी बाथरूममध्ये एप्रन काढून कोट घालायचा, कोट काढून एप्रन घालायचा, असा धंदा सुरू केला.

माझी शिष्यवृत्ती ज्यांच्या हातात होती त्या वेदर्बीबाई, बदामाच्या बागांच्या मालकीण. (बाबांची पाठ त्या बागांना चांगली ओळखते.) एप्रनमध्ये होते तेव्हा त्यांनी मला अजून चटणी आणायला पिटाळलं. मी आणली. कोट घालून शेजारी बसले, तर त्या निरखून बघत म्हणाल्या, वाढायला आहे ती तुझी बहीण का? मी, माउली मला क्षमा करो, हो म्हटलं. त्यावर बाईंनी मला सुनावलं, की ती पोरगी तुझ्यापेक्षा चपळ आहे, स्वतः इथे आरामात बसतेस आणि बहिणीला राबवतेस, तिला का शिकवत नाहीस? एकतर माझ्यामुळे माझंच नुकसान होत होतं, आणि वर मला माझाच हेवा वाटत होता.

एवढ्यात आईनं दारातून खूण केली. मी पुन्हा एप्रन चढवला, गरम कोरुंदांचं घमेलं उचललं आणि बाहेर आले. तेवढ्यात माइकवरून माझं नाव पुकारलं. सगळे टाळ्या वाजवत माझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होते. आत्या, पळून जावं असं फार वाटलं. या देशात आल्यापासून आम्ही लपण्यातच तर हुशार झालोय. पण हातातलं घमेलं जड होतं आणि दार लांब. मी तशीच मंचावर गेले आणि म्हणाले, “बाई, मला बहीण नाही. चटणी आणणारीही मीच आणि गांडुळंवालीही मीच.”

शिष्यवृत्तीच्या साहेबांचा चेहरा चुन्यासारखा झाला. वेदर्बीबाईंनी चष्मा सारखा केला.

“मग आत चुलीपाशी कोण आहे?”

“आई.”

“तिला बसायला सांगितलंय का कुणी?”

नव्हतं सांगितलं. मीसुद्धा नाही. बाई उठल्या, काठी टेकत स्वयंपाकघरात गेल्या आणि आईला हाताला धरून माझ्या खुर्चीवर आणून बसवलं. दुभाषी मी. आईनं एक बदाम तोंडात टाकला आणि आपल्या भाषेत म्हणाली, “हिला सांग, बागेत धूळ फार आहे आणि बदाम कडू आहेत.” मी इंग्रजीत सांगितलं, की बदाम उत्तम आहेत. बाई खूष झाल्या. बाबा गाडीत बसून होते, त्यांना मग सगळं सांगितलं, ते म्हणाले, “हं.” पण गाडी सुरू करायला त्यांना बराच वेळ लागला.

शिष्यवृत्ती मिळाली, आत्या. पुरी एका वर्षाची, आणि तिला पगार म्हणत नाहीत. त्यापुढची वर्षं माउली आणि मक्याची पानं बघतील. तू काही काळजी करू नकोस, मला कशाचीही गरज नाही.

तुझी भाची,
नेरेइदा

ता. क. माझ्या बहिणीची थाप पाद्रीबाबांना सांगू नकोस. ते तिच्यासाठी स्थळ बघतील.

पुन्हा ता. क. मला कशाचीही गरज नाही असं वर लिहिलंय, ते खोडून नव्यानं लिहायला जागा उरली नाही. माझ्या अभ्यासाला आपल्याकडची गांडुळं हवीत. इकडची आणि तिकडची ताडून बघायची आहेत. मला तिकडे येता येत नाही. एकदा गेले की परत आत घेत नाहीत. तेव्हा तू घरामागच्या मक्याच्या वाफ्यात खड्डे खणायचेस, गांडुळं मोजायचीस, पट्टीशेजारी ठेवून फोटो काढायचेस. तुला त्यांची किळस येते हे मला माहीत आहे. हातमोजे पाठवते. आणि खणता खणता मातीचा वास कसा येतो तेही लिही. ते अभ्यासासाठी नाही.

शेवटचं ता. क. हे फुकट नाही. सरांकडे बाहेरदेशच्या मदतनिसासाठी रीतसर पगार आहे. ब्रेंडाबाईला विचारलं. ती म्हणाली, आत्याकडे जन्माचा दाखला आहे ना, मग काही अडचण नाही. म्हणजे आपल्या अख्ख्या घराण्यात या विद्यापीठाला कायद्यानं कामावर ठेवता येईल असं एकच माणूस निघालं, आणि ते तू. आता माझ्याशी जरा साहेबासारखं बोलत जा. आणि पगार झाला की त्यातले थोडे इकडे पाठवत जा. पैशांच्या खिडकीवरचा माणूस तुला म्हणेल, काकू, तुम्ही चुकीच्या रांगेत आहात, उत्तरेकडून आलेले पैसे घ्यायची रांग पलीकडे आहे. त्याला सांग, चूक झालेली नाही.