माझी वीत

बाबा, या वर्षी सहावीचा वर्ग माझ्याकडे आला आहे आणि त्या वर्गात तुमची नात बसते. तुम्ही गेलात तेव्हा तिचा जन्मही झाला नव्हता. सांगायचं एवढंच होतं, पण एवढ्यावर थांबणार नाही.

सहावीच्या विज्ञानात सुरुवातीला मापन असतं, तुमच्या वेळीही होतं. मी सहावीत तुमच्या वर्गात आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तुम्ही पट्टी बाजूला ठेवलीत आणि एकेकाला पुढे बोलावून पहिला बाक वितीने मोजायला लावलात. कोणाचा आठ विती भरला, कोणाचा दहा. प्रत्येकाचं नाव आणि आकडा तुम्ही फळ्यावर लिहीत होतात. मग म्हणालात, सगळे बरोबर आहेत, हातच वेगळे आहेत, म्हणून तर मीटर लागतो. धडा फार चांगला होता. मी तिसऱ्या बाकावर हात वर करून बसले आहे, हात दुखतो म्हणून दुसऱ्या हाताने कोपर धरलं आहे, आणि तुमची नजर माझ्यावरून पुढे जाते. फळा भरला. माझं नाव त्यावर नव्हतं.

त्या संध्याकाळी आई भाकरी थापत होती आणि तुम्ही शेजारी बसून नव्या वर्षाच्या हजेरीत नावं लिहीत होतात. मी विचारलं, "बाबा, मले काहून नाही बोलावलं?"

"लोकं म्हनतात, मास्तर पोरीचाच लाड करते. शाळेत मी तुया बाप नाही. तिथं सर म्हनाचं."

आई भाकरी उलटत म्हणाली, "मंग घरी तरी बाप व्हा. इथं बी हजेरीच लिहून राह्यले."

तुम्ही हसलात आणि लिहीत राहिलात.

सहावी, सातवी, आठवी तुम्ही मला शिकवलंत, वर्गात एकदाही काही विचारलं नाहीत. गाव तुम्हाला सरळ माणूस म्हणत होतं. होतातच. पण त्या सरळपणासाठी जे लागलं ते माझ्याकडून घेतलंत, मला न विचारता. बाकीची मुलं त्या आठवड्यात मापन शिकली, मी हात खाली ठेवायला शिकले. पुढे डी.एड.ला असतानाही, उत्तर येत असून मी कधी हात वर केला नाही.

यंदा शाळा उघडली तेव्हा आमचे मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, पोरीले दुसऱ्या तुकडीत टाकून द्या. लोकाइले बोलाले कायले जागा देता?" मी सहसा वाद घालत नाही. म्हटलं, "बोलू द्या, सर. ती माझ्याच वर्गात बसेल." बाक मोजायच्या दिवशी मी तिलाच पहिली बोलावली. मागून एक पोरगा म्हणाला, "बाईची पोरगी हाय ना, तिचाच नंबर पहिला."

"हो, माझीच आहे," मी म्हटलं. "अन् दुसरा नंबर तुझा. ये." वर्ग हसला, तोही हसतच पुढे आला.

घरी पोरगी रुसून बसली. "आई, मले पहिले नको बोलावत जाऊ. पोरी चिडवतात." बरं, पुढच्या वेळी मधे बोलावीन. पण बोलावीन. चिडवलेलं दोन दिवसांत विसरता येतं, मला तो फळा अजून विसरता आलेला नाही. तुम्ही म्हणाल, हा पक्षपात झाला. म्हणा. उत्तर येत असलेल्या पोरीला गप्प बसवणं हाही पक्षपातच होता, फक्त गावाला तो दिसला नाही. हात वेगळे म्हणून आकडे वेगळे, असं तुम्हीच शिकवलंत ना? मग एक हात सोडून तुमचा धडा पुरा कसा झाला?

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं. तुम्ही त्यातलं शुद्धलेखन तपासलं असतं. एक मात्र सांगते. यंदा बाक मोजला त्या दिवशी शाळा सुटल्यावर मुलं मंगरूळच्या बसकडे पळाली, तेव्हा मी वर्गाचं दार लोटून घेतलं आणि पहिला बाक माझ्या वितीने मोजला. किती विती भरला, ते सांगणार नाही. तुम्ही विचारलं नव्हतं.