जपानी घराची चौथी बाजू

१२ एप्रिल, शनिवार

पाडलंय. बाबांचं जपानी घर पाडलंय — आणि तेही १९५८ साली! तिकिटं बुक करावीत म्हणून वेबसाइट शोधत बसले, तर कौन्सिलच्या पानावर दोन ओळी. लाकूड सडलं, डिमॉलिश केलं, आता तिथे कार पार्क आणि कुत्री फिरवायचं मैदान.

बाबा शुक्रवारी येतायत. सहा महिने त्यांच्या मागे लागलेय, "या, तुमचं घर दाखवते, आमच्या ब्रॅकनेलहून तासाभराचा ड्राइव्ह आहे." एकदा गूगल करायला काय झालं होतं मला?

अकरा वर्षं त्याचं मॉडेल करतायत. कॉलेजच्या वर्कशॉपमधून रिटायर झाले तेव्हा रद्दीत एक जुनं इंग्रजी मासिक मिळालं. कुणा चहाच्या व्यापाऱ्याने जपानहून सुतार आणून इंग्लंडातल्या सरे परगण्यात बांधलेलं घर, त्याच्या तीन बाजूंचे फोटो. तेव्हापासून सागवान, पन्नास फुटाला एक फूट असं माप, एकही खिळा नाही. चौथी, मागची उत्तरेकडची बाजू कुठल्याच फोटोत नाही, म्हणून तेवढी राहिलीये. आई गेल्यापासून बाबा सकाळी उठतात ते त्या टेबलाशी बसायला. "नाहीतर कशाला उठू?" असं मला फोनवर म्हणाले होते.

त्यांना हे कसं सांगू?

१३ एप्रिल

अपूर्वला पुण्याला फोन केला. "ताई, अजिबात सांगू नकोस. मागच्याच वर्षी अटॅक येऊन गेलाय." मग करू काय? "काढ ना काहीतरी कारण."

आमच्या घरात हे असंच. हार्ट पेशंटला वाईट बातमी द्यायची नाही. आजीची बहीण गेली तेव्हा वर्षभर तिची खोटी पत्रं आजीला वाचून दाखवली होती. ती लिहायची आई. स्वतःला त्यात फार पटाईत समजायची.

१८ एप्रिल

हीथ्रोवरून आणलं. बारीक झालेत. लाडू-भाजणीची बॅग डिकीत टाकू दिली, ड्रॉइंगचं फोल्डर मात्र मांडीवर. एम-फोर हायवेला लागायच्या आत विचारलं, "कधी जायचं?"

"बाबा, तिथे सध्या बंद आहे. रिस्टोरेशन चाललंय." निघून गेलं तोंडातून!

"असं? छप्पर काढलंय का?"

"थोडंसं."

"कौलं आहेत की तांब्याचा पत्रा?"

"कौलं." कौलंच असणार, म्हटलं.

"बरं," म्हणाले, आणि वहीत लिहून घेतलं. 

२२ एप्रिल

रोज एक प्रश्न. आज — परांची लाकडाची बांधलीये की लोखंडी? लोखंडी, म्हटलं. किती माणसं कामाला? आठ. खोट्याची नुसती इमारत उभी राहतेय, मजल्यावर मजला. ऑफिसात मीटिंगमध्ये लक्ष नाही.

२६ एप्रिल

लक्ष दुसरीकडे वळवावं म्हणून कॅमडेनला नेलं, बाबासाहेब राहायचे त्या घरी. बाबा हात जोडून उभे राहिले, मग जिन्याच्या कठड्याचे सांधे चाचपत बसले. बाहेर पडताना म्हणाले, "हे राहिलं बघ." मी विषय बदलला.

३० एप्रिल

आज तीनदा खोटं बोलले. 

२ मे

"रविवारी जाऊ," बाबा म्हणाले. "बंद तर बंद. कुंपणाबाहेरून बघतो." कारणं संपली. अपूर्व मेसेज वाचतो, उत्तर देत नाही. वा रे भाऊ!

४ मे, रविवार

 नीट लिहिते.

ठरवलं होतं गाडीतच सांगायचं. अटॅक आला तर जिभेखाली ठेवायच्या सॉर्बिट्रेटची पट्टी जीन्सच्या खिशात होती. सांगितलं नाही. कार पार्कमध्ये उतरलो. पुढे नुसतं गवत, थोडे बांबू, दोन दगडी पायऱ्या. बाबा उभे. मी तोंड उघडणार एवढ्यात कुत्रावाली एक म्हातारी आली. "घर शोधताय? ते कधीच गेलं, लव्ह. मी शाळेतही जात नव्हते तेव्हा."

मी गोळी जवळजवळ पट्टीतून बाहेर काढली होती.

बाबा म्हणाले, "येस, येस. अँड विच वे इज नॉर्थ?"

तिने ओकच्या झाडाकडे बोट केलं. बाबा तरातरा निघाले. मला वाटलं, धक्का बसलाय, बुद्धी काम करेनाशी झालीये. झाडाजवळ गुडघ्यांवर बसले, माझ्या गाडीच्या काचेवरचा बर्फ काढायच्या स्क्रेपरने गवत खरवडलं. खाली सपाट दगड. चार हातांवर दुसरा. खांबाखालचे दगड तसेच आहेत!

"टेप धर," म्हणाले.

"बाबा, मला माहीत होतं. मी दोन आठवडे खोटं बोलतेय तुमच्याशी." एवढं बोलले आणि रडूच फुटलं.

"वरदे, टेप ढिली होतेय."

दोन तास मापं घेतली. मागचा व्हरांडा सात फूट दोन इंच निघाला, त्यांनी सहा धरला होता. "चुकलो होतो," एवढंच. येताना गाडीत डोळे मिटून बसले. मी प्रत्येक सिग्नलला त्यांच्या छातीकडे बघत होते, हलतेय ना म्हणून.

६ मे

 बाबा दिवसभर फोल्डर उघडून बसतात, खोडतात, पुन्हा काढतात. जेवण अर्धं. मी खोलीत गेले की मान वर करतात आणि पुन्हा खाली घालतात. अपूर्व फोनवर ओरडला, "नेलंसच का तिथे?" त्यांना पुण्याला जाऊन काही झालं तर मी स्वतःला कधी माफ करणार नाही. आईनेसुद्धा मला केलं नसतं.

११ मे

हीथ्रो. माफी मागितली तर म्हणाले, "सिक्युरिटीला लाइन मोठी आहे, निघतो." डोक्यावर हात ठेवला. मागे वळून पाहिलं नाही.

१२ मे

भाजणीच्या डब्यात एक पाकीट सापडलं. सरेच्या कुठल्याशा हिस्टरी ग्रुपने बाबांना २०१९ मध्ये पाठवलेलं पत्र. घर पाडल्याचं कळवलंय, दिलगिरी व्यक्त केलीये. वर आईचं अक्षर, बॉलपेनने: "ह्यांना दाखवायचं नाही. मॉडेल थांबेल."

खाली बाबांची पेन्सिल:

"वरदे, हे तुझ्या आईच्या कपाटात मिळालं, तिचं तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी. तरी मॉडेल थांबलं नाही. मी फक्त चौथ्या बाजूचं माप घ्यायला आलो होतो, आणि तुला बघायला. तुम्हा दोघींना खोटं बोलता येत नाही. छपरावर कौलं नव्हती, तांब्याचा पत्रा होता."