व्हर्नरच्या लाल डब्यातली सोळा काडतुसे

मी, सायमा कांगस, दिवंगत अर्विड कांगस यांची पत्नी, वय एकोणऐंशी, राहणार अल्डर फॉल्स, विस्कॉन्सिन, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरात, भर दिवसा, दोन कप कॉफी पोटात असताना लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांनी ऑगस्टमध्ये तपासून पाहिली. त्यांनी मला घड्याळाचे चित्र काढायला लावले. मी ते काट्यांसकट काढले आणि त्यांच्या भिंतीवरचे घड्याळ चार मिनिटे मागे आहे हेही सांगितले. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणू शकला असता असा एकच माणूस होता, अर्विड, आणि त्याचा तो स्वभाव नव्हता. १९८८ आणि २००९ साली केलेली मृत्युपत्रे याद्वारे रद्द करते.

कलम १. राहते घर, मागची वाफेच्या अंघोळीची सौना आणि तलावाकडची पाऊण एकर जमीन माझ्या पश्चात माझी भाची करीन हिला मिळावी. करीन ही माझी धाकटी बहीण लेम्पी आणि तिचा नवरा व्हर्नर टोलोनेन यांची मुलगी. सौना दर शनिवारी तापवावी. न तापवलेली सौना म्हणजे नुसती लाकडाची खोली. शेजारच्या ग्रीरने यायचे म्हटले तर येऊ द्यावे, पण २०११ च्या हिवाळ्यात नेलेले माझे बर्फाचे फावडे आधी परत करावे.

कलम २. बँकेतील ठेवीचा निम्मा भाग करीनला आणि निम्मा गावच्या वाचनालयाला द्यावा. चर्चच्या महिला मंडळाला काही देऊ नये. माझा वेलचीचा पाव कोरडा होतो असे त्यांचे मत आहे. अंत्यविधीनंतरच्या कॉफीबरोबर त्यांनी आपला ओला पाव आणावा.

कलम ३. बहीण लेम्पी हिला या मृत्युपत्रान्वये काहीही मिळणार नाही. आईची तांब्याची किटली तिने १९७१ सालीच न विचारता नेली आहे. ती तिच्याकडेच राहो. माझ्या मनात राग नाही, पण नोंद असावी.

कलम ४. माझी दोन्ही पिस्तुले करीनला द्यावीत. ती डावखुरी आहे आणि माझ्यापेक्षा बरी मारते. हे मी तिला तोंडावर कधी म्हटलेले नाही.

कलम ५. माझ्या मृत्यूच्या वेळी घरात मी भरलेली जी काडतुसे सापडतील, ती कोणीही झाडू नयेत. ती फोडून दारू, गोळी आणि पितळी खोळ वेगळी करावी. घरी काडतुसे भरणाऱ्या आम्हा लोकांत हा दंडक आहे : दुसऱ्याच्या हातचे काडतूस आपल्या पिस्तुलात घालायचे नाही, भरणारा कितीही सज्जन असो. या दंडकाला आणखी एक बाजू आहे आणि ती कोणी बोलून दाखवत नाही. दुसऱ्याने अर्धवट सोडलेल्या कामाला हात लावायचा नाही. ती बाजू मी मोडली. त्याविषयी पुढील कलम.

कलम ६. मी एकतीस वर्षे औषधांच्या दुकानात पुड्या तोलण्याचे काम केले. त्यामुळे माझा हात चुकत नाही, असा गावात समज आहे. व्हर्नर हा चष्मा डोक्यावर ठेवून घरभर चष्मा शोधणारा माणूस. लेम्पी घरात बंदुकीची दारू ठेवू देत नसे, म्हणून तो दर मंगळवारी संध्याकाळी माझ्या तळघरात काडतुसे भरायला येई. गोळ्या दाबायचा प्रेस माझा, टेबल माझे, आणि त्यावर एका वेळी एकाच प्रकारची गोळी, हा नियमही माझा. व्हर्नर गोल नाकाच्या लांब गोळ्या वापरी, मी चपट्या नाकाच्या बुटक्या. खोळीत गोळी दाबून बसवणारी एक पोलादी दांडी असते. तिचे एक टोक गोल नाकासाठी खोलगट आणि दुसरे चपट्या नाकासाठी सपाट. गोळी बदलली की दांडी उलटी करायची, तिची उंची नव्याने लावायची आणि पहिल्या काडतुसाची लांबी कॅलिपर या मापकाने मोजायची. त्याशिवाय दुसरे भरायचे नाही.

मार्च १९९४ मध्ये एका मंगळवारी लेम्पीचा फोन आला की तिची गाडी खड्ड्यात गेली आहे. व्हर्नर काम तसेच टाकून धावला. मी माझ्या चपट्या गोळ्यांना दांडी लावून माझी पन्नास काडतुसे पुरी केली. मग व्हर्नरच्या सोळा खोळी दिसल्या. दारू घातलेली होती, फक्त गोळ्या बसवायच्या राहिल्या होत्या. शनिवारी आमच्या नेमबाजी क्लबाचा सामना होता. म्हटले, बिचाऱ्याचे करून टाकू. मी दांडी उलटी केली. उंची बदलली नाही आणि मोजलेही नाही. आपला हात चुकत नाही ना! बुटक्या गोळीच्या मापाने लांब गोळ्या दाबल्या गेल्या, म्हणजे सोळाही गरजेपेक्षा खोल बसल्या. आत दारूला जागा कमी राहिली की नळीतला दाब किती वाढेल हे सांगता येत नाही. ती सोळा मी त्याच्या लाल डब्यातल्या पुऱ्या झालेल्या काडतुसांत मिसळून ठेवली. दुसऱ्या दिवशी मी दुकानात असताना तो डबा घेऊन गेला. आपण किती पुरी केली होती हे त्याला कधीच आठवत नसे.

शनिवारी त्याचे पिस्तूल हातात फुटले. उजव्या हाताचे पहिले बोट अजून पूर्ण वळत नाही. देवाची कृपा, बाकी कोणाला काही झाले नाही. डबा मी घरी आणला, उरलेल्या काडतुसांची लांबी मोजली आणि मला सगळे कळले. ती फोडली, शिसे वितळवले आणि गप्प बसले. क्लबाने भिंतीवर पाटी लावली : व्हर्नर टोलोनेन यांनी या मैदानावर घरी भरलेली काडतुसे आणू नयेत. लोक त्याला ‘धडाम व्हर्नर’ म्हणू लागले. मीही हसले. तीस वर्षे हसले.

हे कलम पहिल्या मसुद्यात चार ओळींचे होते. वकीलबाई मिस ब्रॅडॉक यांनी ते वाचले आणि पेन खाली ठेवले.

“हे त्यांना माहीत आहे?”

“नाही. म्हणून तर लिहिलंय.”

“म्हणजे मी हे वाचून दाखवायचं आणि तुम्ही आरामात जमिनीखाली. त्यांनी ओरडायचं कोणावर, माझ्यावर?”

“तुमची फी देतेय ना मी?”

“ओरडा खायची फी मी घेत नाही, मिसेस कांगस.”

म्हणून मी रविवारी दुपारी लेम्पीकडे गेले आणि कोट न काढताच सांगून टाकले. व्हर्नरने तीनदा वदवून घेतले. तिसऱ्या खेपेस त्याने एवढेच विचारले, “उंची मोजली नाहीस?”

“नाही.”

“तू?”

“मी.”

“सायमा, तीस वर्षं मी दुकानातली काडतुसं मारतोय. मला वाटलं माझी नजर गेली. डॉक्टरकडे जाऊन डोळे तपासून घेतले मी. दोनदा!”

लेम्पी म्हणाली, “अगं बाई! आणि मी याला सौनाची चूलसुद्धा पेटवू दिली नाही.”

“तू तर मला लोणच्याच्या बरणीचं झाकणही उघडू देत नाहीस,” तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “घरी जा, सायमा.” आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरे वाटले असते.

अकरा दिवस फोन नाही. बाराव्या दिवशी सकाळी तो दारात उभा. हातात गोल नाकाच्या गोळ्यांची पेटी.

“गुरुवारी क्लबात सांगायचं. सगळ्यांसमोर. कागदावरून वाचून नाही.”

“सांगेन.”

“आणि आता मी खाली बसून वीस भरणार. तू वरच थांब. जिन्यात पण नाही.”

मी वर थांबले. प्रेसचा दांडा वीस वेळा खाली गेल्याचा आवाज मोजला. मध्ये बराच वेळ काहीच ऐकू येत नव्हते. तेव्हा तो लांबी मोजत असणार. वर येऊन त्याने डबा टेबलावर ठेवला.

“तपासून घे.”

“तू मोजलीस?”

“एकूण एक.”

“मग मी कशाला मोजू?”

तो कॉफीला थांबला.

गुरुवारी मी कॉफीच्या भांड्याशेजारी उभी राहून सगळे सांगितले. क्लबाचे अध्यक्ष ड्वाइट सॉर्ली म्हणाले, “सायमाबाई, मेहुण्याला वाचवायला वाट्टेल ते बोलू नका.” मी म्हटले, मी आयुष्यात खोटे एकदाच बोलले, आणि तेही न बोलता. मागून कोणीतरी विचारले, “म्हणजे आता ‘धडाम सायमा’ का?”

“नको,” व्हर्नर म्हणाला, “ते नाव माझ्यावर तीस वर्षं वापरून झिजलंय. तिला नवं बघा.”

सगळे हसले आणि त्यात तोच सर्वांत मोठ्याने हसला. मग मी त्याच्या डब्यातून पाच काडतुसे काढून माझ्या पिस्तुलात भरली. सगळा क्लब दोन पावले मागे सरकला. व्हर्नर मात्र माझ्या शेजारी तसाच उभा राहिला. चार गोळ्या काळ्या वर्तुळात गेल्या, पाचवी बाहेर. पाचवीत काडतुसाची चूक नव्हती. सॉर्लींनी पाटी उतरवायला घेतली तेव्हा स्क्रू इतके गंजले होते की भिंतीचा पापुद्रा बरोबर आला. तेवढी भिंत माझ्या खर्चाने रंगवून घ्यावी.

कलम ७. प्रेस, त्याचे साचे म्हणजे डाय, दांड्या, कॅलिपर, वजनकाटा आणि ओकचे टेबल माझ्या पश्चात व्हर्नर टोलोनेन यांना मिळावे. (हे कलम खोडले आहे. कारण खालीलप्रमाणे.)

साक्षीदार म्हणून सही करायची इच्छा व्हर्नरने बोलून दाखवली. मिस ब्रॅडॉक यांनी सांगितले की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्ष घातली, तर त्याला जे मिळायचे ते जाऊ शकते.

“एक तर टेबल, नाही तर सही,” त्या म्हणाल्या.

“सही,” व्हर्नर म्हणाला.

“अरे, विचार तरी कर!” मी म्हटले.

“केला. तुझं डोकं ठिकाणावर आहे असं कायद्यापुढे सांगायचा मान मला मिळतोय. असल्या संधीपुढे टेबल काय चीज आहे?”

तेव्हा मी त्याला ट्रक आणायला सांगितला. आज सकाळी करीन आणि त्याने मिळून सगळे सामान माझ्या तळघरातून लेम्पीच्या तळघरात नेले. लेम्पी दारात उभी राहून “भिंतीला लावू नका, भिंतीला लावू नका” म्हणत होती. तिने विरोध केला नाही. दांड्यांचा खोका मी स्वतः पुढच्या सीटवर मांडीवर घेऊन गेले. आता त्या सामानावर माझा हक्क नाही आणि व्हर्नरला या कागदातून काहीही मिळत नाही. मंगळवारी मी त्यांच्याकडे जाणार आहे. माझ्या गोळ्या संपल्या आहेत, आणि टेबलाचे नियम आता त्याचे राहतील.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला आणि दोन ठिकाणी दुरुस्त केला. तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे.

अल्डर फॉल्स, विस्कॉन्सिन
शनिवार, १२ ऑक्टोबर २०२४

(सही) सायमा कांगस

साक्षीदार १ : (सही) मार्लिस हूफ, टपाल कार्यालय, अल्डर फॉल्स. दोघांच्या समक्ष.

साक्षीदार २ : (सही) व्हर्नर टोलोनेन, वय ८१. सदर बाईंनी माझ्यासमोर सही केली. त्यांचे डोके ठिकाणावर आहे. खरे सांगून टाकल्याला वीस दिवस झाले, तेव्हापासून आहे.